उणे चाळीसला टिकेल असं झाड

२२ मार्च, रविवार

ऋताला दिवस गेलेत. तिसऱ्यांदा. दहावा आठवडा लागला.

लिहिलं, एकदाच! आता पुन्हा नाही. 'बाळ' हा शब्द तर या वहीत मुळीच येणार नाही. मागे दोन्ही वेळा तो शब्द घरभर झाला होता.

फोनवर तिने आधी अटी सांगितल्या, मग बातमी. "आई, कुणाला सांगायचं नाही. काही शिवायचं नाही. रोज काही विचारायचं नाही. सांगण्यासारखं असेल ते मीच सांगेन." मी हो म्हटलं. मायलेकींना बोलायला विषय नाही, अशी वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड लावायचंय. इथे उणे चाळीस होतं. कुठलं टिकेल ते तू शोध. आपण त्याबद्दल बोलू."

प्रभादेवीच्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक तुळस जगवताना माझी तारांबळ. मी सातासमुद्रापलीकडे, ऋताच्या सस्काटूनला झाड निवडणार! पण म्हटलं, शोधते.

२४ मार्च

रघुवीरला सांगितलं. (अडतीस वर्षं तोंडावर 'अहो', वहीत मात्र नावाने. इथे कोण बघतंय!) तो "बरं" म्हणाला. देवापाशी गेला, काहीच न करता परत आला. मग विचारलं, "ते दुपटं दिलंस ना कुणाला?"

"कधीच दिलं."

खोटं. पहिल्या वेळचं ते दुपटं माझ्या लोखंडी कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, ऑफिसच्या जुन्या फायलींखाली. आईच्या मऊ झालेल्या साड्यांचं, हाताने धावदोरा घालून शिवलेलं. ऋतालाही सांगून ठेवलंय की शेजारच्या सुंदराबाईंच्या नातीला दिलं. तीन वर्षं झाली. देववत नाही आणि बघवतही नाही.

ते मी चौथ्याच महिन्यात शिवायला घेतलं होतं. त्याआधी तिसऱ्यात चोरओटी. चोरओटी म्हणजे घरातल्या घरात, गुपचूप, आईने लेकीची भरायची. मी काय केलं? व्हिडिओ कॉल लावला आणि मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावलं! तिकडे ऋता एकटी सोफ्यावर पदर पसरून, इकडे मी मोबाइलसमोर नारळ धरून, मागे अकरा बायका. एकोणिसाव्या आठवड्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी अकराव्यातच. डॉक्टर म्हणाले, कशाचाही संबंध नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, संबंध माझा आहे.

२८ मार्च

सव्वीस वर्षं विमा कंपनीत, क्लेम्सला काढली. माणसं फाईल उघडून पॉलिसी बघतात, मी आधी काय बिघडलं ते बघायची. सफरचंदांचंही तसंच वाचतेय. नर्सरीवाले लिहितात 'अतिथंडीला कणखर'. खाली बारीक अक्षरात अटी! कुणाला वारा चालत नाही, कुणाला ओली माती. कुणी थंडी सोसतं, पण फळ पिकायला ऑक्टोबर उजाडतो, आणि तिथे तर सप्टेंबरातच पहिलं हिव पडतं.

ऋताला हनीक्रिस्प हवं होतं, खायला गोड म्हणून. नामंजूर. ते थंडीच्या झोन चारचं, आपलं तीन, म्हणजे त्याहून गार. "आई, एका आकड्याने काय होतंय?" म्हणे! एका आकड्यानेच होतं सगळं.

यादीत उरले: गुडलँड, नॉर्कंट, सप्टेंबर रुबी, हॅरलसन.

उद्यापासून अकरावा.

२९ मार्च

फोन नाही.

३० मार्च

आला! आवाज बरा होता. हॅरलसन आंबट आहे का विचारलं. मी म्हटलं, आंबट आहे, टिकाऊ आहे, आणि फोन कालच का नाही केलास? "आई, अटी!" म्हणाली. मी परत हॅरलसनवर आले.

२ एप्रिल

आज एक नवीन गोष्ट कळली आणि दिवसभर डोक्यातून जात नाही. ही झाडं नुसत्या थंडीने मरत नाहीत. थंडीत ती झोपलेली असतात, त्यांना कळतही नाही. मरतात ती मधेच आलेल्या उबेने. फेब्रुवारीत दोन दिवस कडक ऊन पडतं, झाडाला वाटतं संपली थंडी, सालीखाली रस चढतो. संध्याकाळी परत गोठतं आणि साल उभी फाटते. म्हणून खोडाला पांढरं वेष्टण घालतात, त्याला ऊब लागू नये म्हणून.

लवकर आनंदायचं नाही, एवढंच ना? मला मेलीला कुणी आधी सांगितलं असतं तर!

आणखी, वहीत नोंद म्हणून: झाड झोपेतलंच आणायचं, पालवी न फुटलेलं. ग्रीनहाऊसमधलं पालवलेलं आणून गार मातीत एकदम लावलं तर मरतं. जमीन खणता येईल तेव्हाच लावायचं. तिकडे म्हणजे मेचा मध्य.

६ एप्रिल

अकरावा गेला. बारावा लागला. कुणाला सांगू? वहीला सांगितलं.

दादरला फळवाल्याकडे गेले. "ये बरफवाला है क्या?" मी विचारलं. तो हसला. "माँजी, किन्नौर का है. अभी सब कोल्डस्टोरेज का." एक हातात घेऊन उभी राहिले. मागच्या बाईने ढकललं, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" घेतलं. घरी आणून रघुवीरला अर्धं दिलं. पिठूळ निघालं. मुकाट्याने खाल्लं त्याने.

९ एप्रिल

गुडलँड! ठरलं. उणे चाळीस सोसतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला पिकतं. परागासाठी दुसरं झाड लागतं, पण तिथे शेजारणीच्या कुंपणाला जुनं क्रॅबॲपल, म्हणजे रानसफरचंद आहे, ते चालतं. पहिलं फळ धरायला चार-पाच वर्षं.

ऋता म्हणाली, "पाच वर्षांनी कोण कोण असेल अंगणात, नाही?" आणि एकदम थांबली. अट तिनेच मोडली होती. मी पटकन सशांचा विषय काढला. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, जाळी लावावी लागते. दोघी सशांवर पंधरा मिनिटं बोललो.

१३ एप्रिल

आज मोठी चूक केली की काय कळत नाही.

रविवारी अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी लावलेलं जगतंच. माझ्या आजीने आळी घातली की वेल मांडवावर जायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. तोंडातून गेलं, "त्याच दिवशी लाव." ऋता म्हणाली, "जमीन गोठलेली आहे, आई. तूच सांगितलंस ना, मेमध्ये." मी म्हटलं, "तो दिवस चुकवू नकोस. माझं एवढं ऐक."

एरवी माझ्या मुहूर्तांना हसणारी पोरगी. म्हणाली, "बरं."

ती हसली असती तर बरं वाटलं असतं. तीही घाबरलीय म्हणजे.

१६ एप्रिल

ऋताच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला, मुदतीआधी उघडू नये म्हणून. राजसने कळवलं, म्हणजे जावयाने. "आई, सगळं व्यवस्थित. वजन उचलायचं नाही, बाकी चालेल." व्यवस्थित! हा मुलगा घर पडलं तरी व्यवस्थितच म्हणेल.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. नर्सरीवाला म्हणाला होता मेमध्ये या, पण ऋताने हट्टाने ग्रीनहाऊसमधलं एक मागून आणलंय. अंगठ्याएवढं खोड. वर सात-आठ पानं.

पानं! फुटलेली! झोपेतलं हवं होतं. शुभ वेळेला काय बोलू?

राजस पहारीने खणत होता. जमीन दगड. किटली-किटली उकळतं पाणी ओतत होता, वाफा निघत होत्या. ऋता स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, अंगावर दोन स्वेटर. झाड खड्ड्यात ठेवल्यावर तिने काचेला हात लावला. इथे मी देवापुढे हळदकुंकू वाहिलं, रघुवीरने टाळी वाजवली, एकच, आणि ओशाळला.

मला माहीत होतं. मीच वाचलं होतं, मीच लिहिलं होतं, मागची पानं उलटली की दिसतंय.

२० एप्रिल

तिकडे रात्री उणे अकरा होतं.

२५ एप्रिल

झाडाबद्दल विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आता बोलायला सफरचंदही उरलं नाही. हवेबद्दल बोललो.

२ मे

रखमा आली होती टोपली घेऊन. वरळी कोळीवाड्यातून आमच्या बिल्डिंगला येते, वीस वर्षं झाली. मी बोंबील हातात घेऊन भलतीकडेच बघत होते. "काय गो बाय, मासली बघतेस पन डोले भलतीकडं. पोरीचा काय हाय का?"

"नाही गं! कुठे काय!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "नको सांगू. मी बी कोनाला सांगत न्हाय." दोन बोंबील जास्त टाकले. दार लावलं आणि रडले. आता हिलाही कळलं. चेहऱ्यावर लिहिलंय की काय माझ्या!

६ मे

धीर करून विचारलं, "पानं कशी आहेत?" ऋता म्हणाली, "आहेत." तेवढंच.

मी म्हटलं, नखाने सालीला जरा खरवडून बघ. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी असेल तर... ती म्हणाली, "बघते." मग दाराची बेल वाजली म्हणून फोन ठेवला. बेल मला तरी ऐकू आली नाही.

१० मे

ऋताकडे जायच्या माझ्या व्हिसाचं अजून काही नाही. पासपोर्ट वकिलातीकडे, मी इकडे. सतरावा.

स्वयंपाकघरात मोठ्याने बोलले, "झाड मेलं तर?" रघुवीर मागे उभा होता. म्हणाला, "तर दुसरं आणतील." मी ओरडले त्याच्यावर. दुसरं काय, तिसरं काय, बाजारात मिळतात का! तोही झाडाबद्दल बोलत नव्हता, मला ठाऊक आहे. रात्री दोघांनी वरणभात खाल्ला.

१७ मे

आजपासून अधिक महिना. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. तो तिकडे, मी इकडे. तरी तांदूळ भिजत घातले. हाताला काम हवं. उद्या पाणी बदलायचं.

अठरावा.

२० मे

तीन दिवस ऋताचा फोन नाही. राजस मेसेज करतो: "झोपलीय." "थकलीय." "ऑल गुड आई." मी लिहिलं, झाडाचा फोटो पाठव.

२२ मे

फोटो आला. हिरवीगार फांदी, पानं टवटवीत. खाली लिहिलंय, "मस्त वाढतंय!"

इतकं बरं वाटलं की रघुवीरला हाक मारली. त्याने चष्मा लावून बघितलं, "अरे वा, कळ्या पण."

कळ्या.

मोठा करून पाहिलं. गुलाबी कळ्यांचे झुबके. पहिल्या वर्षी कळ्या? फांदी मनगटाएवढी जाड, आमचं अख्खं झाड अंगठ्याएवढं. सालीवर जुने चट्टे. पांढरं वेष्टण नाही, सशांची जाळी नाही. हे गुडलँड नाहीच! हे शेजारणीचं क्रॅबॲपल आहे. दोन महिने वाचतेय मी, मला फसवणार?

म्हणजे आपलं मेलं. मेलं ते मेलं, पण राजस खोटं बोलला. फोटो काढून, वर 'मस्त वाढतंय' लिहून. झाडाबद्दल एवढं खोटं बोलतो, तर "झोपलीय" हेही...

पुढे लिहवत नाही.

२३ मे

सकाळपासून सतरा फोन. ऋता उचलत नाही, राजस उचलत नाही. तांदूळ परातीत तसेच पडलेत. उद्यापासून एकोणिसावा.

संध्याकाळी रघुवीरने माझ्या हातातून मोबाइल घेतला. स्वतःच्या फोनवरून राजसला लावला. त्याने उचलला! याच्या फोनला कोण घाबरणार, आयुष्यात कधी कुणाला खोदून काही विचारलं नाही. रघुवीर म्हणाला, "राजस, त्या फोटोतलं झाड आपलं नाही. आता ऋताचं खरं सांग. मी उभाच आहे."

मी त्याच्या शर्टाची बाही धरून होते. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. तो "हं", "हं" करत होता. मग माझ्याकडे बघून मान हलवली. आडवी की उभी, मला कळेचना. "जिवंत आहे," म्हणाला. "दोघंही."

मी त्याची बाही सोडली.

ऋता हॉस्पिटलमध्ये आहे. रविवारी अंगावरून जायला लागलं. थांबलंय. ठोके नीट आहेत. पडून राहायचं. ऋताने राजसला बजावलं होतं, आईला हॉस्पिटलचं सांगायचं नाही. आणि झाड वाळलंय हे राजस ऋताला सांगत नव्हता. ती घरी असताना खिडकीतून बघू नये म्हणून पडदा लावून ठेवायचा. मधे सापडला बिचारा. दोघींना दोन खोटी. तरी त्याला अनारसे नाहीत! एक देईन.

२४ मे

एकोणिसावा. आज काही लिहायचं नाही.

२५ मे

काही नाही.

२७ मे

ऋता घरी आली. दोन मिनिटं बोलली. आवाज अगदी बारीक. "आई, मला बोलायची भीती वाटते. बोललं की काहीतरी होईल असं." मी म्हटलं, "मला पण." पहिल्यांदाच कबूल केलं दोघींनी. मग दोघी नुसत्याच फोन धरून. तिचा श्वास ऐकत होते मी. मागे कुठेतरी राजस भांडी घासत होता.

सांगायचं होतं की तुझं झाड माझ्यामुळे मेलं. मला ठाऊक असूनही मी तो दिवस धरायला लावला. सांगितलं नाही. तिला झाडाचं माहीतच नाही ना! राजसला शपथ घातलीय, एवढ्यात कळू द्यायचं नाही म्हणून. कळलं आणि तिने मनाला लावून घेतलं तर?

३० मे

पहिल्या वेळी एकोणिसाव्यात ज्या दिवशी सगळं संपलं, तो दिवस काल गेला. मी कुणाला बोलले नाही. रघुवीरने सकाळी कॅलेंडरचं पान उगाच सरळ केलं. त्यालाही आठवत होतं.

१ जून

आज तिकडे विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी. आपल्याकडे संध्याकाळ होईल. सिद्धिविनायकाला जाऊन आले, रांगेत उभी राहिले, आणि समोर गेल्यावर काय मागायचं तेच सुचेना. शब्दच बंद करून टाकलाय ना मी. नुसती उभी राहिले. मागून कुणी म्हणालं, "आजी, पुढे चला." आजी!

नऊ वाजले. फोन नाही.

२ जून

सकाळी आठला ऋताचा फोन. सगळं नीट आहे. हात, पाय, पाठ, काळीज — एकेक मोजून दाखवलं म्हणे. लाथही मारली.

मग म्हणाली, "आई, झाड मेलंय. मला दहा मेपासून माहीत आहे. तू सांगितलंस तसं खरवडून बघितलं, सगळं तपकिरी. राजस पडदे लावतो, मी लावू देते." "माझ्यामुळे गं," एवढंच म्हटलं. "मीच म्हटलं होतं तो दिवस धर."

"हो, तुझ्यामुळेच मेलं," ती म्हणाली. "आणि हे नाही मेलं. मेलेलं झाड बाहेर होतं, मी रोज आत पडून होते, आणि हे हलत होतं. आज राजसला सांगितलं, उपट ते. पुढच्या वर्षी मेमध्ये लावू."

फोन ठेवता ठेवता म्हणाली,

"आई, ते दुपटं तू कुणाला दिलेलं नाहीस. मला माहितेय. येताना घेऊन ये."

३ जून

फायली बाजूला केल्या. काढलं. कुबट वास येतोय, एका कोपऱ्यात धावदोरा उसवलाय. धुतलं. गॅलरीत दोरीवर टाकलं, आतल्या बाजूला नाही, रस्त्याच्या बाजूला. खालून रखमा जात होती, टोपली डोक्यावर. वर बघून ओरडली, "बाय, कोनाचं गो दुपटं?"

सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "आमच्या ऋताच्या बाळाचं!"